समुद्रापलीकडची एक ओळ

सुभानमामा माझ्या टायपिंगच्या दुकानात आले की कधी खुर्चीवर बसले नाहीत. "बसा की हो मामा," मी म्हणायचे, आधी आदराने आणि मग वैतागून. ते आपले दाराशी उभे. इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी, पांढरा शर्ट, दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले. टायपिंग शिकायला आलेल्या मुली त्यांना बघून ताठ व्हायच्या आणि हमखास चुकायच्या. शेवटी मी मशिनवरचं कापड काढून विचारायचे, "हं, सांगा. काय लिहायचंय?" मामा घसा खाकरून म्हणायचे, "तेच. मी समुद्रापलीकडे गेलो होतो. अष्टे."

अष्टे म्हणजे कानडीत 'एवढंच'. आम्हा म्हैसूरच्या मराठ्यांचं बोलणं हे असं, निम्मं कानडी. पुण्याकडून कुणी पाहुणे आले की त्यांना हसू येतं. येऊ दे. आमचे पूर्वज इथल्या राजाच्या पलटणीत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले, तेव्हा भाषा काय सोवळ्यात ठेवायची होती? मामांचं तर प्रत्येक वाक्य त्या अष्टेवर येऊन थांबायचं. आई गेली, अष्टे. नोकरी लागली, अष्टे. त्यापुढे त्यांना बोलतं करायचं म्हणजे भिंतीशी बोलण्यातला प्रकार.

पण त्यांची एक गोष्ट अष्टेवर संपत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात मामा महाराजांच्या पलटणीबरोबर मलायात गेले. बरोबर आमच्याच गल्लीतला मारुती होता. दोघे लहानपणापासूनचे मित्र, आणि मामांनीच जमवून आपली धाकटी बहीण त्याला दिलेली. सिंगापूर पडलं तेव्हा दोघेही जपान्यांच्या कैदेत सापडले. मामा परत आले. मारुती आला नाही. छावणीत तापाने आणि हगवणीने तो गेला, मामांच्या मांडीवर डोकं ठेवून. जाताना म्हणाला, "अंबूला तू स्वतः सांग. वाट बघायला लावू नको." मामांनी हो म्हटलं होतं.

ही अंबू म्हणजे आमची अंबक्का. लढाईवरून परतल्यावर मामांनी तिच्या सासरच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आत जाऊन भाताला आधण ठेवलं. कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू तसंच राहिलं. सासरची माणसं एकेक करून गेली तेव्हा ती भावाकडे राहायला आली, कुंकवासकट आणि नवऱ्याच्या गणवेशातल्या फोटोसकट.

सरकारचं म्हणणं असं, की मारुतीराव बेपत्ता, मृत समजावे. ह्या 'समजावे'वर अंबक्काचा सगळा जीव टांगलेला. "समजावे म्हणजे काय ग सरोजा?" ती मला विचारायची. "समजायला ते कोण? बघितलं का कुणी?" बघितलं होतं, तिच्या सख्ख्या भावाने. म्हणून मामांनी स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी रेकॉर्ड ऑफिसला कळवलं, की मी साक्षीदार आहे, माझी साक्ष घ्या आणि माझ्या बहिणीला नीट काय ते लिहून द्या.

उत्तर इंग्रजीत आलं. ते वाचून दाखवायला मला बोलावणं आलं. मामा उभे, अंबक्का सुपात तांदूळ निवडत बसलेली. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं: तुमच्या कागदांप्रमाणे तुम्ही युद्धाची सगळी वर्षं बंगळूरच्या डेपोत होता. परदेशातल्या सेवेची नोंद नाही. म्हणून साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

झालं असं होतं, की पलटणीची मूळ दफ्तरं तिकडेच गेली होती. मामा कैदेतून परतले, इस्पितळात पडले, आणि कुणातरी कारकुनाने नवे कागद करताना मधल्या वर्षांपुढे डेपो लिहून टाकलं. पुढे पलटण देशाच्या सैन्यात मिसळली, कागद ह्या कपाटातून त्या कपाटात गेले आणि डेपो तेवढा कायम राहिला.

अंबक्काचे हात थांबले. "म्हणजे अण्णा तिकडे गेलाच नव्हता?"

"कागद तसं म्हणतो, अक्का," मी म्हटलं.

"मग आमचे यजमान गेलेले ह्याने बघितले कुठून?"

"अंबू," मामा म्हणाले, "ह्या हातांनी पुरलं ग मी त्याला."

ती भावाकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटल्यासारखं काहीतरी होतं. तेच मला बघवलं नाही. "कागद आण," ती म्हणाली. "तू तिकडे होतास असं सरकारचा कागद म्हणू दे. त्या दिवशी कुंकू पुसते. तोवर मला कुणी काही सांगायचं नाही."

मामा लगेच आत गेले आणि ट्रंकेतून आपलं डिस्चार्जचं पुस्तक घेऊन आले. लाल कापडी पुठ्ठ्याचं, तळहाताएवढं. इस्पितळातल्या एका कॅप्टनने त्यात शाईने एक ओळ लिहिली होती: मलायात सेवा, नंतर युद्धकैदी. खाली सही. रेकॉर्ड ऑफिसच्या प्रतीवर ती ओळ कधी चढलीच नव्हती. मामांनी तिच्यावर बोट ठेवून बहिणीला दाखवलं, "ही बघ. इथं लिहिलंय. दसरा झाला की बंगळूरला जातो आणि दाखवतो त्यांना." अंबक्काला वाचता येत नव्हतं. तिने वाकून ती जागा नीट बघून घेतली.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी आमच्याकडची खंडेनवमी सांगायला हवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अख्खं म्हैसूर आपापल्या हत्याराची पूजा करतं. सायकल, बस, वजनकाटा, शिंप्याची कात्री, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. माझ्या टाइपरायटरलाही असायचा, आणि मग आठवडाभर कागदांवर लाल ठिपके उठायचे. मराठ्यांच्या घरात पाटावर तलवार मांडतात. मामांकडे पणजोबांची एक गंजकी तलवार होती. पण त्यांचं स्वतःचं हत्यार कुठलं? बंदूक सरकारला परत दिलेली. राहिलं ते पुस्तक. म्हणून दरवर्षी मामा तलवारीशेजारी ते पुस्तक ठेवायचे आणि अंबक्का पुठ्ठ्याला हळदकुंकवाचं बोट लावायची. पूजा घरच्या सवाष्णीने करायची, आणि घरात सवाष्ण म्हणजे तीच.

त्या वर्षी मामा आंघोळ करून येईपर्यंत तिने पूजा उरकून घेतली होती. पुस्तक उघडं होतं. कॅप्टनच्या ओळीवर ओल्या कुंकवाचा लपका, त्यावर हळद, त्यावर पळीभर तीर्थ. मी होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, घेऊन गेले तेव्हा मामा पाटासमोर उभे होते आणि पानावरून लाल पाणी ओघळत होतं. अंबक्का आत डाळीचे आंबोडे तळत होती, तोंडाने आरती गुणगुणत.

मी पदराने टिपायला पुढे झाले तर मामांनी हाताने अडवलं. "देवाचं कुंकू आहे. राहू दे."

"अय्यो मामा, शाई गेली! आता दाखवणार काय त्यांना?"

"राहू दे म्हटलं ना!"

त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला.

बंगळूरला गेले ते. तिथल्या साहेबाने पान उन्हात धरून बघितलं आणि म्हटलं, ही ओळ मुद्दाम पुसलेली दिसते, काय लपवायचं होतं? मामा म्हणाले, पूजेत ओली झाली, चूक माझी. मग साहेबाने विचारलं, जहाजाचं नाव काय होतं? मामांना माहीत नव्हतं. बंदर कसं दिसत होतं? तेही माहीत नाही. त्यांना जहाजाच्या पोटात कोंबलं होतं, वर येऊ दिलं नव्हतं, आणि उतरवलं तेव्हा काळोख होता. "समुद्र तरी बघितलात का?" साहेब हसून म्हणाला. मामा खरं तेच बोलले, की नाही, नीटसा नाही बघितला. नुसती ओकारी आठवते.

हे त्यांनी मला दाराशी उभं राहून सांगितलं आणि म्हणाले, "नवा अर्ज लिही."

मी भडकले होते. "अर्ज कसले लिहिताय मामा? घरात आधी बघा! अक्काने ते मुद्दाम केलंय. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय की," मामा म्हणाले. "दगड आहे का मी?" मग म्हणाले, "तिला वाटतं, मी गेलोच नसेन तर तो मेलाच नसेल. काय बोलू तिला? पण मारुतीला शब्द दिलाय ग. तिने कागद आण म्हटलंय, मी आणणार. अष्टे."

आणि मग वर्षानुवर्षं तेच चाललं. अर्ज जायचा, पोच यायची, नोंद आढळत नाही असं उत्तर यायचं. दर खंडेनवमीला पुस्तक पाटावर बसायचं, मामा स्वतः ठेवायचे, आणि अंबक्का त्याच पानावर कुंकवाचा अंगठा दाबायची. पान शेवटी पापडासारखं कडक झालं होतं. दोघंही त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हती. एरवी भावाबहिणीची माया अशी, की मामांना शिंक आली तरी ही काढा घेऊन उभी. अंबक्का रोज दारात मोठ्ठी रांगोळी घालायची. गल्लीत कुणाची नसेल एवढी. मी एकदा म्हटलं, कंबर मोडेल तुमची. तर म्हणाली, "त्यांना लांबून घर ओळखू यायला नको?"

गल्लीतल्या बायकांची तर पंचाईतच. हळदीकुंकवाला हिला बोलवावं की नाही? न बोलवावं तर ती सवाष्ण, बोलवावं तर मनात पाल चुकचुकायची. बहुतेकजणी सगळ्यात शेवटी बोलवायच्या. अंबक्का सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची.

मामा एका टॉकीजवर गेटकीपर होते. सायकल होती, पण मी त्यांना कधी त्यावर बसलेलं बघितलं नाही, हातात धरून चालवत न्यायचे. मलायात जपानी सायकलींवरून चालून आले होते, एवढंच एकदा म्हणाले. लढाईचा सिनेमा लागला की रजा टाकायचे. डब्यात भाताचं शीत उरू द्यायचे नाहीत. जमिनीवर पडलेलं शीतसुद्धा वेचून तोंडात टाकायचे, मग बघणारा नाक मुरडो की काही करो. गल्लीत त्यांचं नाव डेपोमामा पडलं होतं. समोरचा शिंपी रंगप्पा, आमच्यातलाच, विठ्ठलाचं भजन गाणारा, पण जिभेला हाड नाही. तो ओट्यावरून हाक मारायचा, "काय डेपोमामा, समुद्राचा रंग कसला हो?" बसलेले चारजण खो खो हसायचे. मामा सायकल थांबवून म्हणायचे, "माहीत नाही," आणि पुढे जायचे. मी रंगप्पाला एकदा चांगलं फैलावर घेतलं. तर म्हणे, गंमत केली हो, सुम्ने, उगाच! गंमत म्हणे.

एका मॅटिनीला तिकीट फाडता फाडता मामांनी एका माणसाचा हात धरून ठेवला. मागे रांग खोळंबली. तो माणूस म्हणजे जवरप्पा, पिरियापट्टणचा तंबाखू पिकवणारा, छावणीत ह्यांच्याच बराकीतला. त्याचे कागद मात्र सुरळीत होते. का, ते त्या कारकुनालाच ठाऊक. जवरप्पा हात सोडवून आत गेला आणि मध्यंतरात दुसऱ्या दाराने निघून गेला. सिनेमासुद्धा पुरा बघितला नाही.

मामा मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. तू लिहून घे, तो सही करेल." आम्ही पिरियापट्टणची बस धरली. जवरप्पाच्या घरामागे तंबाखू वाळवायची भट्टी पेटलेली होती, धुराने डोळे चुरचुरत होते. आम्हाला बघून त्याने घरातल्या बायकांना आत जायला सांगितलं. बोलणं कानडीतून झालं.

"ते सगळं नको, सुभानराव," जवरप्पा म्हणाला. "घरात कुणाला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही."

"सांगू नको. नुसती सही कर, की मी तुझ्याबरोबर तिथं होतो."

"कशाला? गेलं ते गेलं."

"मारुतीच्या बायकोने अजून कुंकू लावलंय," मामा म्हणाले.

जवरप्पा मटकन खालीच बसला. भट्टीत लाकडं तडतडत होती. तिकडे बघत तो म्हणाला, "त्याला जाळायला लाकूड मागितलं होतं आपण. आठवतं?"

"आठवतं."

"दिलं नाही त्यांनी."

"रबराच्या झाडाखाली पुरलं," मामा म्हणाले. "अग्नी नाही मिळाला त्याला."

दोघे म्हातारे त्या भट्टीसमोर बसून रडले. निघताना जवरप्पाने सही केली आणि आपल्या पुस्तकातल्या नोंदीची नक्कल करून घेऊ दिली. बसपर्यंत सोडायला मात्र आला नाही.

त्या सहीवरून चाकं हलली. तरी वेळ लागायचा तो लागलाच. तोवर अंबक्काला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं. रांगोळी सोडली नाही तिने, अंदाजाने घालायची. रेघा एकमेकींवर चढायच्या, ठिपके गटारात जायचे. मामा मागे उभे राहून "थोडं उजवीकडे" म्हणायचे.

नवरात्रात एका दुपारी मामा लिफाफा घेऊन दुकानात आले. फोडलेला नव्हता. मी फोडला आणि वाचला, मग पुन्हा वाचला. टाइप केलेला, शिक्क्याचा, स्वच्छ पांढरा कागद. नोंद दुरुस्त करण्यात आली आहे. मलायात सेवा, नंतर युद्धकैदी. मारुतीरावांच्या मृत्यूबाबत तुमची साक्ष ग्राह्य धरण्यात येत आहे.

"मामा, झालं! झालं हो!" मी ओरडलेच. मुली मशिनं थांबवून बघायला लागल्या.

मामा खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. कागद घेऊन ते त्या ओळीकडे बघत राहिले, इंग्रजी येत नसताना. मग म्हणाले, "म्हणजे आता जाऊन तिला कुंकू पूस म्हणायचं."

मी वाट बघितली. अष्टे काही आलं नाही.

त्यानंतर मामा फार दिवस राहिले नाहीत. त्याच थंडीत गेले. रंगप्पाने खांदा दिला आणि पोरासारखा रडला. मी नाही त्याचे डोळे पुसले, एवढं माझं मन मोठं नाही. अंबक्काला पुढे जमेल तसं आम्ही गल्लीने सांभाळलं, आणि ती गेली तेव्हा बायकांनी तिची ओटी भरली, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. सवाष्ण म्हणून गेली.

पण मामा म्हटलं की मला ती खंडेनवमीच दिसते, कागद आल्यानंतरची. मी नेहमीप्रमाणे होळिगे घेऊन गेले. पाटावर तलवार होती, हार होता. लाल पुस्तक नव्हतं. त्याच्या जागी तो नवा कागद उलगडून ठेवला होता, चारी कोपऱ्यांवर सुपाऱ्या. अंबक्का आंधळ्या डोळ्यांनी पाटाशी बसलेली, अंगठा कुंकवात बुडवून. मामा तिच्याशेजारी गुडघ्यावर.

"पोस्टमन म्हणत होता, सरकारचा लिफाफा आलाय," अंबक्का म्हणाली. "काय म्हणतात, अण्णा?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी ताट धरून उंबऱ्यातच थांबले. मला वाटलं, आता सांगतील. सांगायलाच हवं होतं त्यांनी, शब्द दिलेला होता. त्यांचे ओठ हललेसुद्धा.

"नाही म्हणतात," मामा म्हणाले. "मी डेपोतच होतो म्हणतात."

अंबक्काने मान डोलावली. मग चाचपडत तिने कागदावर हात फिरवला. गुळगुळीत, नवा करकरीत कागद, ते जुनं कडक पान नव्हे. तिची बोटं त्याच्यावर थांबली. आंधळी होती, खुळी नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलेलं मला उंबऱ्यातून दिसलं. अंगठ्यावरचं कुंकू टपकत होतं.

"कुठं लावू, अण्णा?" तिने अगदी हळू विचारलं.

मामांनी तिचा अंगठा आपल्या हातात धरला, त्या ओळीवर नेला आणि वरून दाबला. ओळ बुडाली. "इथं," ते म्हणाले. मग ते उठले, मांड्यांना हात चिकटवून ताठ उभे राहिले, आणि भिंतीवरच्या मारुतीच्या फोटोकडे बघत म्हणाले, "नाही जमलं रे, मारुती."